मुलाखत त्यालाच घेऊ द्या

प्रश्न : ताई, माझा मुलगा २३ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. व्हीलचेअर वापरतो, बोलणं अडखळत येतं पण समजतं. उठवणं, आंघोळ, कपडे, भरवणं, सगळं मीच करत आले. वर्षभरात माझी कंबर पार गेली. आता मदतनीस मिळायची सोय झाली आहे, तर मुलगा म्हणतो, "मुलाखत मी घेणार, काम मी सांगणार." मला धास्ती वाटते. त्याला माणूस ओळखता येईल का? – एक आई

उत्तर : आधी तुमच्या कंबरेचं. मदतनीस येईपर्यंत त्याला एकटीनं उचलणं बंद करा. काखेत हात घालून तर मुळीच उचलू नका, त्याचा खांदा दुखावू शकतो. पलंगावरून खुर्चीत सरकण्याची फळी पुरेल की उचलणारं यंत्र लागेल, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं कशी जमवायची ते सांगणाऱ्या तज्ज्ञाला) घरी बोलावून ठरवून घ्या.

आता मुलाचं. तो म्हणतोय ते बरोबर आहे, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. मणक्याला मार बसून मी खुर्चीत आले तेव्हा ३१ वर्षांची होते. माझी पहिली मदतनीस दादानं निवडली. कामाला चोख बाई. पण माझ्यादेखत ती दादाला विचारायची, "यांना आज आंघोळ घालायची का?" आठ महिने माझ्या अंगाचा कारभार माझ्या डोक्यावरून चालला. दादाची माया कमी नव्हती, पण बाई त्याला बांधील होती, मला नव्हती.

दुसरीला मी निवडलं. अनुभव किती वर्षांचा, हे मी विचारलंच नाही. म्हटलं, मला पलंगावरून खुर्चीत घेऊन दाखव. तिनं खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले, पाय ठेवायची पट्टी बाजूला केली, आणि मला हात लावण्याआधी विचारलं, "तयार आहात?" तिथेच ठरलं. माझ्याकडे ती अकरा वर्षं होती.

हा हट्ट तुमच्या मुलाचा आणि माझाच नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा १४ व्या वर्षी पोलिओनं मानेखाली लुळा झाला. रात्री त्याला लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या पिंपासारख्या यंत्रात, झोपावं लागे. तो १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला, आणि १९७२ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिथे स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं केलं. तिथला कारभार अपंग माणसांच्याच हाती होता. मदतनीस लागतो म्हणजे माणूस परावलंबी, हे त्यांनी मानलंच नाही. मदत कुणाच्या सांगण्यावरून चालते, हा त्यांचा सवाल होता. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या, २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं १९ वं कलमही तेच सांगतं : कुठे आणि कुणाबरोबर राहायचं ते त्या माणसानं ठरवावं, आणि त्यासाठी लागणारी वैयक्तिक मदत त्याला मिळावी.

तुमची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. बंद दाराआड वाईट वागणारी माणसं असतात. म्हणून सगळं एकाच माणसावर सोपवू नका, दोघांना कामाची ओळख असू द्या. पैशांचे व्यवहार मदतनिसाकडे नकोत. मुलाचा हात पोचेल असा फोन किंवा घंटी कायम जवळ असू द्या. आणि तुमच्याखेरीज आणखी एक माणूस असा हवा, ज्याच्याशी तो मदतनीस नसताना बोलू शकेल. आईला काळजी नको म्हणून मुलं कितीतरी गोष्टी गिळतात.

भरवण्याकडे जास्त लक्ष द्या. जेवताना ठसका लागत असेल, तर मदतनीस रुजू होण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून गिळणं तपासून घ्या. पाठ सरळ, घास लहान, आधीचा घास पूर्ण उतरल्याशिवाय पुढचा नाही, हे तुमच्या हातांना सवयीनं येतं. नव्या माणसाला ते सांगावं लागेल. सांगू द्या मुलालाच. सगळा दिवसक्रम त्यानं सांगावा, तुम्ही फक्त लिहून घ्या. तो अडखळला तरी त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. नवा माणूस तुमच्याकडे पाहूनच थांबायला शिकेल, नाहीतर तोही त्याच्याऐवजी तुम्हालाच विचारू लागेल.

माणूस निवडताना त्याची चूक होईल का? होऊ शकते. मीही पुढे एकदा चुकले, पंधरा दिवसांत तिला नको म्हणून सांगितलं. म्हणूनच पहिले काही आठवडे चाचणीचे, हे दोन्हीकडून आधीच ठरवून घ्या. आणि नको म्हणायची वेळ आलीच, तर तेही त्यालाच म्हणू द्या.

मुलाखतीच्या दिवशी तुम्ही घरात असा, पण दुसऱ्या खोलीत. त्यानं हाक मारली तर जा.