आजोबांची ठासणीची बंदूक वाचनालयाला द्यायचीय, लायसन लागेल का?

नमस्कार ताई,

तुमचा मेल वाचला. कुडाळकडच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, गावातल्याच कारागिरानं बनवलेली, सोबत नळीत दारू ठासायचा गज आणि बंदुकीची दारू ठेवायचं शिंग. आजोबा, बाबा दोघंही आता नाहीत, आणि वाचनालयवाले म्हणतायत की गावच्या इतिहासाच्या कपाटात ठेवायला द्या. चुलतभावाचं म्हणणं, शंभर वर्षं झाली म्हणजे अँटिक, लायसन कशाला.

चुलतभावाचं ऐकू नका. शंभर वर्षांचा आकडा 1972 च्या पुरावस्तू कायद्यातला आहे, तो जुन्या वस्तू परदेशी नेणं, त्यांचा धंदा करणं यासाठी, बंदुकीच्या लायसनशी त्याचा संबंध नाही. आर्म्स अॅक्ट 1959 च्या कलम 45 मध्ये जुनाट हत्यारांना सूट आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. आणि ठासणीची बंदूक म्हणजे असतं काय हो, नळी, घोडा आणि ठिणगी पाडणारी टोपी बसवायची निप्पल, गंज साफ केला की बार उडू शकतो, म्हणून तर कोकणात आजही शेतीसंरक्षणासाठी तिला रीतसर परवाना देतात. तेव्हा वय किती हा प्रश्नच नाही, उडते का हा प्रश्न आहे, आणि ते तुम्ही किंवा मी नाही, पोलिसांचा शस्त्रतज्ज्ञ लेखी सांगणार.

आता भीतीचं. विनापरवाना बंदूक बाळगली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं तुरुंग, जास्तीत जास्त पाच. माळ्यावर आहे हेच माहीत नव्हतं तर त्याला कायद्यात ताबा धरत नाहीत, सुप्रीम कोर्टानं गुनवंतलालच्या केसमध्ये 1972 लाच सांगितलंय की ताब्याला जाणीव लागते. पण तुम्हाला आता माहीत झालंय ना, त्यामुळे हा बचाव रोज थोडा थोडा पातळ होतोय, उगाच दिवाळीपर्यंत थांबू नका.

आधी कागद शोधा. आजोबांचा परवाना नाही सापडला तरी निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, त्या पावत्या जुन्या ट्रंकेत हमखास असतात. नळीवर नंबर असेल तर टिपून घ्या, घासू नका, तेलपाणी तर अजिबात करू नका (सगळ्यांना आधी तेच सुचतं). फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले असतील तर असू देत, आता डिलीट करत बसलात तर लपवल्यासारखं दिसेल.

मग आर्म्स अॅक्टच्या कलम 21 खाली ठाण्यात जमा करायचा अर्ज, कधी कुठे सापडली ते स्पष्ट लिहून, शिक्क्याची पोच घेऊनच यायचं. बंदूक स्वतः एसटीतून घेऊन जाऊ नका, आधी अर्ज द्या, त्यांना घरी येऊन पंचनामा करू दे. केस होणारच नाही अशी गॅरंटी कोणी वकील देणार नाही, पण स्वतःहून लेखी गेलेला माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यात कोर्ट फरक करतं. त्याच अर्जात लिहा की वस्तू गावच्या इतिहासाची आहे, तपासणी करून निकामी असल्याचा दाखला द्यावा, नष्ट करू नये. हे वाक्य लोक विसरतात आणि मुदत उलटली की जमा हत्यार सरकारजमा होतं.

निकामी ठरली तर वाचनालयाला द्या, दाखल्याची कॉपी कपाटात लावा. चालू निघाली तर वारस म्हणून 2016 च्या शस्त्र नियमांखाली तुम्ही परवाना मागू शकता, बाकी वारसांची एनओसी लागेल, चुलतभावाचीही. पण मग ती तुमच्याकडेच राहणार, वाचनालयाला परस्पर देता येणार नाही.

आणि ते शिंग, म्हशीचं असेल तर प्रश्न नाही. गव्याचं असेल तर वन्यजीव कायदा लागतो, मालकीचा दाखला नसेल तर वेगळं लफडं. बंदुकीसोबत ठाण्यात देऊ नका, आधी त्याचा जवळून फोटो मला पाठवा.