वाचक विचारतात : नातीच्या शाळेतले अबेनाकी

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत व्हर्माँटला असतात. नात शाळेत अबेनाकी लोकांबद्दल शिकतेय आणि फोनवर मलाच प्रश्न विचारते. हे नेमके कोण? (एक आजोबा, तासगाव)

उत्तर : आजोबा, नात ज्या जमिनीवर राहते ना, तिथले मूळ लोक हे. व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर, मेन आणि वर कॅनडातलं क्वेबेक, एवढा त्यांचा मुलूख. बर्च झाडाच्या सालीच्या होड्या, मेपलचा गोड रस आटवणं, आणि शेतीत मका-घेवडा-भोपळा एकत्र, म्हणजे आपल्याकडं आंतरपीक घेतात तसंच की, वेल मक्यावर चढतो आणि भोपळ्याची पानं तण दाबतात. टोपल्या तर बघण्यासारख्या, ॲश झाडाचा ओंडका ठोकून ठोकून त्याच्या वर्षाच्या कड्या सुट्ट्या करायच्या आणि त्याच्या पट्ट्या विणायच्या. आता एक परदेशी किडा ती झाडंच संपवतोय.

इतिहास मात्र कडू आहे. १७५९ मध्ये, इंग्रज-फ्रेंच लढाईच्या काळात, रॉजर्स नावाच्या मेजरनं इंग्रजांच्या बाजूनं ओडानाक हे अबेनाकींचं गाव जाळलं, आणि २०० मारले म्हणून सांगितलं, फ्रेंच नोंदीत आकडा ३० आणि त्यातली २० बायका-पोरं. मला तर फ्रेंच आकडाच खरा वाटतो, फुशारकी मारायचं कारण रॉजर्सला होतं. ओडानाक आजही क्वेबेकमध्ये आहे, तिथं त्यांचं म्युझियमपण आहे, पोरांना सुट्टीत घेऊन जायला सांगा.

अजून एक, व्हर्माँट सरकारनं २०११-१२ मध्ये चार गटांना अबेनाकी म्हणून मान्यता दिली, पण ओडानाकवाले म्हणतात हे आमचे नाहीतच. तो वाद अजून चालूच आहे, त्यामुळं नातीला दोन्ही बाजू सांगा.