कॅलिफोर्नियात वृद्धांच्या घरी मदतनीस पाठवायचे आहेत, नर्सिंग नाही. तरी परवाना लागतो का?

हो, लागतो. आंघोळ, जेवण, सोबत एवढंच काम असलं तरी २०१६ पासून राज्याच्या समाजसेवा विभागाकडून 'होम केअर ऑर्गनायझेशन' लायसन्स घ्यावंच लागतं. त्यासाठी लागतं ते असं:

- दर घटनेमागे १० लाख आणि एकूण ३० लाख डॉलरचा लायबिलिटी विमा
- कर्मचाऱ्याने चोरी वा अफरातफर केल्यास भरपाईसाठी १०,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र)
- वर्कर्स कॉम्पेन्सेशन विमा (कामावर जखमी झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी)

विम्यावरचं आणि अर्जावरचं कंपनीचं नाव तंतोतंत जुळवा. नावापुढच्या एका 'एलएलसी'च्या (कंपनीचा प्रकार सांगणाऱ्या अक्षरांच्या) फरकानेही कागद परत येऊ शकतात. मदतनिसांचे बोटांचे ठसे आणि राज्याच्या रजिस्ट्रीत नोंद आधी, शिवाय ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी ५ तासांचं प्रशिक्षण. मात्र इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग यांत शिरलात, तर आरोग्य खात्याचं 'होम हेल्थ' लायसन्स वेगळं.