मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या प्रकाशसंवेदकावर सेंद्रिय रेणू का चढवतात?

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा अर्धवाहक पदार्थ. त्याचा एकच थर म्हणजे जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडी. बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून वर रोडामाइनसारख्या रंगाचा पातळ लेप देतात. रंग प्रकाश शोषतो, इलेक्ट्रॉन खालच्या थरात उतरतो आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, वरच अडकते. ती अडकून असेपर्यंत खाली विद्युतप्रवाह वाढलेलाच राहतो, त्यामुळे एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणामागे, अनेक इलेक्ट्रॉन पदरात पडतात. गंमत म्हणजे दुखणंही हेच: दिवा बंद केला तरी प्रवाह रेंगाळतो.

अंधारातला नकोसा प्रवाह हा वेगळा ताप. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरात सहसा जादा इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे उजेड नसतानाही प्रवाह वाहतो. एफ४-टीसीएनक्यू हा रेणू ते ओढून घेतो, मग मंद उजेडही उठून दिसतो. कॅमेऱ्यासाठी निवडायचं झालं तर मी आधी वेग बघेन, म्हणजे दिवा बंद होताच प्रवाह किती लवकर थांबतो ते.