आयसीयूतल्या आईला ‘डी’ची पुडी द्यावी का?

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची. न्यूमोनिया होऊन नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत आहे, व्हेंटिलेटरवर. रिपोर्टमध्ये ‘डी’ जीवनसत्त्व ९ आलंय. मावसभावाने मेडिकलमधून ६० हजार युनिटची पुडी आणून दिली, पण सिस्टरने ती नळीतून द्यायला नकार दिला. डॉक्टर म्हणतात, आत्ता घाई नाही. दुर्लक्ष तर होत नाही ना? आणि जन्मभर द्राक्षबागेत उन्हात राबलेल्या बाईला ‘डी’ कमी कसं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : आधी सिस्टरबद्दल. तिने योग्य तेच केलं. आयसीयूत नाकातल्या नळीतून जाणारी प्रत्येक गोष्ट चार्टवर लिहिलेली असते. बाहेरची पुडी गुपचूप गेली, तर उद्या ‘डी’मुळे रक्तातलं कॅल्शियम वाढल्यावर कारण कुणालाच उमगणार नाही. कृपा करून तसा प्रयत्न पुन्हा करू नका.

आता तो ९ चा आकडा. २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता मानतात, म्हणजे आईंचा आकडा खराच कमी आहे. पण तो कधी तपासला, हेही बघायला हवं. अंगात मोठा जंतुसंसर्ग भिनला की रक्तातलं ‘डी’ वाहून नेणारं प्रथिन घटतं, सलाइनने रक्त पातळ होतं आणि आकडा झपाट्याने खाली येतो. आजारामुळे तो किती उतरला आणि आधीच किती कमी होता, हे त्या एका रिपोर्टवरून कळत नाही.

मग भरून काढलं तर माणूस वाचतो का? हे तपासून झालंय. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये आयसीयूतल्या ४९२ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सुरुवातीलाच ५ लाख ४० हजार युनिट दिले, म्हणजे तुमच्या हातातल्या नऊ पुड्या एकदम. रुग्णालयातला मुक्काम काही कमी झाला नाही. ज्यांचा आकडा १२ किंवा त्याखाली होता, त्या छोट्या गटात मात्र रुग्णालयातले मृत्यू कमी दिसले, त्यामुळे आशा वाढली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. कमतरता असलेले हजाराहून जास्त गंभीर रुग्ण, डोस तोच. ९० दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी २३.५ टक्के दगावले आणि न मिळालेल्यांपैकी २०.६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की. १२ च्या खालच्या गटाचा प्रश्न अजून मिटलेला नाही आणि आई त्याच गटात येतात. म्हणून काही डॉक्टर अशा रुग्णाला कॅल्शियम आणि किडनी बघून डोस देतात, काही थांबतात. दोन्हींत दुर्लक्ष नाही. आज आईंना जगवणारी गोष्ट म्हणजे ऑक्सिजन, वेळेवर पडणारं अँटिबायोटिक आणि नळीतून पोटात जाणारं अन्न.

उन्हाचं म्हणाल, तर बागेत काम करणाऱ्या आपल्या बायका डोळ्यांसमोर आणा. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला घट्ट स्कार्फ, वर मांडवाची सावली. ऊन कातडीला लागतंच किती? त्यात साठीनंतर कातडीची ‘डी’ बनवण्याची ताकद घटते, सावळ्या कातडीला ‘डी’ बनवायला जास्त वेळ ऊन हवं, आणि भाजी-भाकरीत ते नसल्यातच जमा. बागाइतदारांच्या घरांतून असे रिपोर्ट मी सर्रास पाहते.

आई वॉर्डात आल्या, तोंडाने खाऊ लागल्या, की हा विषय जरूर काढा. पडून राहिल्याने स्नायू आणि हाडं झिजतात, तिथे ‘डी’ची खरी गरज आहे. बहुधा आठवड्याला एक पुडी, काही आठवडे, आणि नंतर पुन्हा तपासणी असं ठरेल. डिस्चार्ज कार्डावर ते लिहून घ्या. सोबत कुणी ‘डी’चं सहा लाख युनिटचं इंजेक्शन सुचवलं, तर दोन्ही एकदम घेऊ नका. खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठ किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर पुडी थांबवून त्याच दिवशी कॅल्शियम तपासा.