अमेरिकन चॉपसीतला चॉप, चॉपस्टिकमधला चॉप आणि आपला छाप

सांगलीच्या एका हळदवाल्या व्यापारी मित्राने विचारलंय, "आमच्याकडे चायनीजच्या गाडीवर 'अमेरिकन चॉपसी' लिहिलेलं असतं. गाडी चायनीज, पदार्थ चायनीज, मग हे अमेरिकन मधेच कुठून आलं? आणि हाँगकाँगची एक पार्टी दर वेळी लिहिते की कागदावर कंपनी चॉप मारून पाठवा. तर चॉपसीतला चॉप, चॉपस्टिकमधला चॉप आणि हा मारायचा चॉप, तिन्ही एकच का?"

आधी उत्तर सांगते, मग पाल्हाळ लावते. तिन्ही वेगळे आहेत, एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आणि त्यातला एक तर चक्क आपल्या घरचा आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. इथे नवी नवी आले होते तेव्हा मला वाटलं चायनाटाउन दारात आहे तर खरीखुरी अमेरिकन चॉपसी खाऊ, अमेरिकेतही आहोत आणि चिन्यांच्यातही आहोत, याहून अस्सल कुठे मिळणार. एका जुन्या हॉटेलात गेले. मेनूच्या मागच्या पानावर पार तळाला चॉप सुई होती, मागवली. आलं काय तर मोड आलेले मूग (म्हणजे ते लांब पांढरे कोंब), सेलरी, कांदा, चिकनचे तुकडे आणि त्यावर कॉर्नफ्लॉवर लावलेली चॉकलेटी रंगाची रटरटीत ग्रेव्ही. कुरकुरीत नूडल्स नाहीत, लाल गोड सॉस नाही, वरती हाफफ्राय नाही. मी वेटरकाकांना विचारलं की याच्यावर अंडं असतं ना, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं पुण्यात कोणी मिसळीवर चीज मागितल्यावर बघतात (आता बघत नाहीत म्हणा, आता देतात).

तर शब्द. चॉप सुई म्हणजे मूळ चिनी दोन अक्षरं, पहिल्याचा अर्थ मिश्र, अनेक प्रकारचं, आणि दुसऱ्याचा अर्थ बारीक तुकडे. मराठीत नेमका शब्द हवा असेल तर 'सटरफटर'. ऑफिसातल्या मैत्रिणीची आई दक्षिण चीनमधल्या तैशानची आहे, आम्ही सगळे तिला आंटीच म्हणतो, तिला मी विचारलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, तुला माहितेय का हे कशाचं करतात, आणि आपल्याच पोटावरून हात फिरवून दाखवला. म्हणजे कोथळा, काळीज, आतडी. चीनमध्ये आजही या शब्दाचा हा अर्थ जिवंत आहे, उत्तरेकडे याच नावाने मेंढीच्या वजडीचं सूप विकतात. थोडक्यात आपली वजडी आणि सटरफटर यांच्या मधला कुठलातरी शब्द.

आता उच्चार, आणि इथे मराठी माणसाची कॉलर ताठ व्हायला हरकत नाही. इंग्रजांनी याचं चॉप केलं कारण त्यांच्याकडे तो आवाज शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही. मूळ उच्चार आहे चाप, पण च कुठला? चहातला नाही, चमच्यातला. आपल्याकडे एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत हे आपण विसरूनच जातो. केसांचा चाप, बंदुकीचा चाप, तो जसा म्हणतो अगदी तस्सा म्हणायचा, फक्त शेवटचा प ओठातच मिटवायचा, फोडायचा नाही. मी आंटीसमोर "केसांचा चाप" मनात धरून 'चाप सुई' म्हटलं तर ती म्हणाली, हे बरोबर, तुला कोणी शिकवलं? आता तिला काय सांगू, केसांना लावते म्हणून.

सुई हा भागही तैशानी वळणाचा आहे, हाँगकाँगच्या शहरी कँटोनीजमध्ये तो सोय-च्या जवळ जातो. आणि तैशानी असणारच, कारण अमेरिकेत पहिल्यांदा आले ते बहुतेक सगळे तिथलेच. तैशान आणि आजूबाजूचे तालुके म्हणजे इथल्या जुन्या चिन्यांचं कोकण समजा. घरटी एक माणूस लांब, बाई गावात, आणि पैसा येतो मनिऑर्डरीने. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, तेव्हापासून ही रांग लागली. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला चिनी नाव आहे जुना सोन्याचा डोंगर. 'जुना' कशाला, तर पुढे ऑस्ट्रेलियातही सोनं निघालं आणि मेलबर्न झालं नवा सोन्याचा डोंगर. पण आंटीच्या आधीच्या पिढीची म्हातारी माणसं एवढं लांबड लावत नाहीत, ती नुसतं दाय फाउ म्हणतात, म्हणजे मोठं बंदर. सॅक्रामेंटो म्हणजे दोन नंबरचं बंदर. गावाची नावंच नाहीत, नंबर!

(जाता जाता, चायनाटाउनचा मुख्य रस्ता आहे ग्रँट अ‍ॅव्हेन्यू. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत तो जळून पुन्हा बांधला तेव्हा हे नाव दिलं, आधी तो ड्युपाँ स्ट्रीट होता. शंभर वर्षं उलटून गेली पण कँटोनीज बोलणारे अजून त्याला ड्युपाँवरून आलेलं 'दूबान गाय' म्हणतात. सीएसएमटीला व्हीटी म्हणणाऱ्यांनी यावर आश्चर्य दाखवू नये.)

बरं, मग वजडीचं सूप सोडून ही चॉप सुई अमेरिकन कधी झाली? प्रसिद्ध गोष्ट अशी की १८९६ मध्ये चीनचे मोठे मुत्सद्दी ली हुंगचांग न्यूयॉर्कला आले आणि त्यांच्या आचाऱ्याने अमेरिकन पाहुण्यांना रुचेल असं काहीतरी ढवळून दिलं, तीच चॉप सुई. गोष्ट छान आहे पण खोटी आहे, कारण न्यूयॉर्कच्या पेपरांत या पदार्थाबद्दल त्याच्या दहाएक वर्षं आधीच छापून आलेलं आहे. ली साहेबांच्या दौऱ्यामुळे चिनी खाण्याची टूम निघाली एवढं मात्र खरं. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी काळीज-आतडी गेली, चिकन-पोर्क आलं, भाज्या वाढल्या, ग्रेव्ही घट्ट झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराशहरांत चॉप सुईची हॉटेलं उघडली.

यामागे एक कायद्याची गंमत आहे, गंमत म्हणजे म्हणायची पद्धत, खरं तर वाईटच. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी केली, ती उठली १९४३ ला. पण व्यापाऱ्यांना मुभा होती. १९१५ मध्ये कोर्टाने हॉटेलमालकाला व्यापारी धरलं आणि मग काय, घरच्या माणसांना आणायचं तर हॉटेल टाका! ज्याला घरी कधी भात लावता आला नसेल तोही हॉटेलवाला झाला असणार. म्हणजे चॉप सुई गावोगाव पोचली ती नुसती चवीने नाही, व्हिसाने पण.

आता आपल्या गाडीवरची. आपल्याकडे पदार्थ आला तो अमेरिकेतला म्हणून आला आणि नाव तसंच चिकटलं. मग आपण त्यात आपलं घातलं, तळलेल्या नूडल्स, केचपसारखा गोड लाल सॉस, वर अंडं. बऱ्याच मेनूंवर खाली 'चायनीज चॉपसी' पण असते, ती पांढऱ्या-चॉकलेटी ग्रेव्हीची, कमी गोड. म्हणजे 'अमेरिकन' हा शब्द तिथे चवीचं विशेषण झालाय, अर्थ एवढाच की लाल आणि गोड. अजून गोंधळ हवा असेल तर बॉस्टनकडच्या भागात 'अमेरिकन चॉप सुई' मागा, ते लोक मॅकरोनी, बीफचा खिमा आणि टोमॅटो सॉस देतील, चीनचा वारासुद्धा न लागलेलं. तीन ठिकाणी तीन पदार्थ, नाव एकच, आणि तिन्ही सटरफटर, त्यामुळे अर्थाशी कोणीच बेइमानी केलेली नाही. आणि हल्ली आपण चायनीज भेळ करतो ना, ते तर नकळत केलेलं शुद्ध मराठी भाषांतर आहे, मिश्र आणि बारीक तुकडे.

चॉपस्टिक. हा चॉप वेगळा. कँटनच्या (म्हणजे आजच्या ग्वांगझोच्या) बंदरात इंग्रज आणि चिनी व्यापारी जी मोडकी खिचडी भाषा बोलायचे तिच्यात चॉप-चॉप म्हणजे चल चल, लवकर, तेव्हा चॉपस्टिक म्हणजे 'लवकर'ची काडी. त्याचं मूळ कँटोनीजमधल्या घाईच्या शब्दात सांगतात. पण मला याहून आवडते ती चिनी शब्दाचीच गोष्ट. जुन्या चिनीत काड्यांना 'झू' म्हणायचे. आता झालं असं की या झूचा उच्चार 'थांबणे' या शब्दासारखा. बोटीवरच्या लोकांना जेवताना दर वेळी 'थांब' म्हणायचं म्हणजे अपशकुनच ना, वारा पडला तर? मग त्यांनी नाव उलटं केलं, 'जलद' या अर्थाचा शब्द घेतला, आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर बांबूची खूण लावून नवीन अक्षर बनवलं. तेच आज चीनमध्ये बहुतेक ठिकाणी चालतं, कँटोनीजमध्ये फाय-ची.

हे वाचून मराठी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. आपली बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवला म्हटलं की आजी डोळे मोठे करायची. आणि घरातून निघताना जातो म्हटलं तर "येतो म्हण" हे कोणी ऐकलेलं नाही?

गंमत म्हणजे जपानी लोकांनी ते जुनं 'थांब'वालं अक्षर टाकलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोतच चायनाटाउनपासून बसने पंधरा-वीस मिनिटांवर जपानटाउन आहे, तिथल्या भांड्यांच्या दुकानात काड्यांच्या खोक्यावर ते अक्षर दिसतं, वाचायचं मात्र हाशी. एकाच शहरात, एकाच वस्तूवर, दोन अक्षरं. आंटीला दाखवलं तर म्हणाली, त्यांच्या बोटी थांबत असतील, आमच्या नाही.

आता तो मारायचा चॉप. हा आपला छाप. शिक्का, ठसा या अर्थाचा छाप, छापा-काटा आणि छापखाना यातला. तो समुद्रमार्गे पूर्वेला गेला, मलायमध्ये 'चाप' झाला आणि आजही तिथे शिक्क्याला तेच म्हणतात. इंडोनेशियात तांब्याच्या ठशाने बाटिक करतात त्याला बाटिक चाप म्हणतात. युरोपी व्यापाऱ्यांनी तो कँटनला नेला. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जाणारी जहाजं ज्या काळात कँटनला लागायची तेव्हा बंदर सोडायच्या आधी सगळी देणी चुकवून चिनी कस्टमकडून एक मोठा शिक्क्याचा कागद घ्यावा लागायचा, त्याचं नाव ग्रँड चॉप. तो नसेल तर जहाज हलायचं नाही. चहाच्या एका मार्काच्या लॉटलाही चॉप म्हणत, आणि एक नंबर मालाला फर्स्ट चॉप. तेव्हा तुमची हाँगकाँगची पार्टी तुमच्याकडे तुमचाच शब्द मागतेय, फक्त तो चीन फिरून आल्यामुळे ओळखू येत नाहीये.

ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवर टुरिस्टांसाठी दगडाचे असे चॉप कोरून देणारी दुकानं आहेत. मुलीसाठी एक करून घेतला. कोरणाऱ्या आजोबांनी तिचं नाव मला तीनदा म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, मग वहीत तीन अक्षरं लिहिली आणि विचारलं की मधल्या आवाजासाठी दोन अक्षरं बसतात, त्यातल्या एकाचा अर्थ 'ढग', कुठलं घालू? मुलगी म्हणाली ढग. त्यांनी दगड लाकडी शिकंज्यात पक्का धरला, उलटी अक्षरं पेन्सिलने काढली आणि छोट्या छिन्नीने टकटक सुरू केलं. वीस मिनिटांनी लाल लगद्याच्या डबीत दाबून कागदावर ठसा उमटवला. मी आपोआप बोलून गेले, "छान छाप पडली." आजोबांनी मान वर केली आणि हसून म्हणाले, "यस, चॉप."

शिल्लक राहिला पोर्क चॉप, मटण चॉप, तो साधा इंग्रजी, कापण्याचा. गोव्याचा पोटॅटो चॉप त्याचाच नातेवाईक, फक्त हाडाच्या जागी बटाटा आला.

हे सगळं लिहायच्या आधी आंटीला सांगलीच्या गाडीवरच्या चॉपसीचा फोटो पाठवला, मित्राने मुद्दाम काढून दिला होता. प्लेट, तळलेल्या नूडल्सचं घरटं, वरून लालभडक सॉस, कोबी, आणि मधोमध हाफफ्राय. तिचा अर्ध्या तासाने फोन आला. म्हणाली, मी मुलाला दाखवलं, सुनेला दाखवलं, आमच्यात हे कोणी करत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "नाव बरोबर आहे. अमेरिकनच आहे हे." आणि लगेच विचारलं, त्या नूडल्स आधी उकडून तळतात की कच्च्याच?