थिनरच्या ड्रममधून माल काढताना आग लागू नये म्हणून काय करावे?

तुम्ही लिहिलंय की फर्निचर पॉलिशचा छोटा कारखाना आहे, थिनरचे २०० लिटरचे ड्रम असतात, त्यातून प्लास्टिकच्या बादलीत ओतून घेता. धूम्रपान निषेधाची पाटी आणि आग विझवायची दोन यंत्रं आहेत, एवढं पुरेसं आहे का? नाही. मी सॉल्व्हंटच्या, म्हणजे थिनरसारख्या द्रावकांच्या, मोठ्या टाक्यांच्या साठवणीवर (टँक फार्मवर) काम करतो आणि तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या बादलीची.

थिनरमधलं टोल्युइन हे द्रावक नळीतून वाहताना, बादलीत धारेनं पडताना त्यात स्थिर विद्युत तयार होते, म्हणजे विजेचा भार साठतो. म्हणजे आसपास कुणी काडी पेटवली नाही तरी ठिणगी ओतण्यातूनच येऊ शकते. टोल्युइनची वाफ पेटायला एक मिलिज्यूलच्या पाव भागाएवढी, म्हणजे अगदी बारीक ठिणगीची ऊर्जा पुरते. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते, ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणून आपल्याकडे थंडीतही ते पेटायला तयार असतं. शिवाय नेहमीच्या तापमानाला अर्धवट भरलेल्या ड्रममधली हवा आणि वाफ बरोबर स्फोट होईल अशा प्रमाणात असते.

प्लास्टिकमधून हा भार निघून जात नाही, त्यामुळे अशा बादलीला अर्थिंगचा चिमटा लावून उपयोग नाही. तिची लोखंडी कडी तर जास्तच वाईट. ती भार साठवते आणि ड्रमजवळ आली की ठिणगी टाकते.

२९ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेत आयोवामधल्या दे मॉइन इथे बार्टन सॉल्व्हंट्स कंपनीत असंच झालं. कामगार एका लोखंडी टाकीत इथाइल ॲसिटेट हे असंच पेटणारं द्रावक भरत होता. नोझल (नळीचं तोंड) हलू नये म्हणून त्यानं त्यावर लोखंडी वजन अडकवलं, व्हॉल्व्ह उघडला आणि बाजूला गेला. फट् असा आवाज आला, वळून बघतो तर टाकी पेटलेली. पंप आणि पाइपला अर्थिंग होतं, पण नोझल आणि वजन त्याला जोडलेले नव्हते. एवढीच त्रुटी, आणि गोदाम जळालं.

म्हणून आधी बादली बदला, धातूचा झाकणाचा डबा आणा. ड्रम आणि डबा तांब्याच्या वायरनं एकमेकांना जोडा आणि ड्रम अर्थिंगच्या पट्टीला जोडा. चिमटा रंगावर लावू नका, दात पत्र्यात रुतले पाहिजेत; रंग कानशीनं खरवडा. बुच उघडण्याआधी चिमटा लावायचा आणि बुच बंद केल्यावरच काढायचा. अधूनमधून मल्टिमीटरनं जोडणी तपासा, १० ओहमच्या वर जाता कामा नये. धार वरून सोडू नका. धातूची नळी किंवा लांब नळीचं नरसाळं डब्याच्या तळापर्यंत जाऊ द्या, तेही डब्याला जोडलेलं असू द्या आणि सुरुवात सावकाश करा. कंप्रेसरची हवा ड्रममध्ये सोडून माल ढकलू नका, साधा हातपंप बरा.

वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते. ती जमिनीवरून सरपटत जाते, म्हणून छताजवळचा पंखा बिनकामाचा. हवा खालून बाहेर काढा, त्या पंख्याची मोटर फ्लेमप्रूफ हवी, म्हणजे तिच्या आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटणार नाही अशी. ग्राइंडर, मोबाइलचा चार्जर, सकाळी मशीनपुढे लावलेली उदबत्ती, हे सगळं त्या खोलीच्या बाहेर. श्रद्धेला हात लावायचा नाहीये, फक्त जागा बदला.

साठा वेगळ्या, सावलीतल्या खोलीत ठेवा. दाराला उंबरा बांधा म्हणजे गळती बाहेर जाणार नाही. कामाच्या जागी फक्त त्या दिवसापुरता माल. फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली असेल तर हा माल पेट्रोलियम नियमांत ‘अ’ वर्गात येतो आणि ३० लिटरच्या वर ठेवायला परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’चं (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, केंद्र सरकारची) मुख्यालय नागपूरला आहे. तुमच्याकडे एकच ड्रम असला तरी मर्यादा केव्हाच ओलांडली गेलीय, तेव्हा हे टाळू नका.

पॉलिशमध्ये जवसाचं तेल वापरत असाल तर त्या चिंध्यांचा ढीग करू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाका.

आणि रिकामे ड्रम! कोणी पाण्याच्या टाकीसाठी मागतो, कोणी तोंड कापून घेतो. तळाशी राहिलेल्या कपभर थिनरची वाफ ड्रमभर असते, त्याला गॅस कटर लावला की ड्रम फुटतो. बुच घट्ट लावा आणि पुरवठादाराला परत द्या, ओळखीच्या माणसानं मागितला तरी.